सगळं पीएनजी टाका म्हणणाऱ्यांसाठी, एका जुन्या डीटीपीवाल्याकडून

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत स्वतःची वेबसाईट कशी बनवायची यावर पानभर मजकूर आला होता. चांगला होता, डोमेन कसं घ्यायचं, होस्टिंगला किती पैसे पडतात, सगळं नीट सांगितलेलं. पण खाली कोपऱ्यातल्या चौकटीत एक ओळ होती, की फोटो असो लोगो असो सगळं पीएनजीमध्येच (चित्र साठवायचा एक फाईल-प्रकार) टाका म्हणजे क्वालिटी चांगली राहते. ती ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला, कारण याच समजुतीपायी मी आमच्या वाचनालयाची वेबसाईट सात-आठ महिने आजारी पाडली होती आणि दोष मात्र रोज नेटवर्कला देत होतो.

मी कराडचा. २४ वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, पुढे फ्लेक्स आले तसे फ्लेक्स. आता दुकान भाचा बघतो आणि मी वाचनालयाच्या कमिटीवर आहे. आमच्या धंद्यात एकच मंत्र, ३०० डीपीआय पाहिजे, म्हणजे छापताना एका इंचात ३०० ठिपके, नाहीतर फोटो फाटतो, कडा खडबडीत दिसतात. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घेऊन आलं की आम्ही तोंड वाकडं करायचो. तर वेबसाईटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तोच मंत्र तिकडे लावला. वार्षिक कार्यक्रमाचे २० फोटो, प्रत्येक ४००० बाय ३००० पिक्सेल (म्हणजे ठिपके), डीपीआय ३०० सेट केलेला, आणि सेव्ह कशात तर पीएनजीत, कारण क्वालिटी! एकेक फाईल १८-२० एमबीची झाली. म्हणजे ते एक पान उघडायला जवळजवळ ४०० एमबी. ज्याचा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्याचा पाव डेटा आमच्या अध्यक्षांचा सत्कार बघण्यात जाणार. एकदा मी स्वतः एसटी स्टँडवर बसून ते पान उघडलं, पहिल्या फोटोची वरची पट्टी आली, मंडपाची झालर दिसली, आणि तेवढ्यात गाडी लागली. सत्कार काही दिसलाच नाही.

(डीपीआयचं नंतर कळलं की वेबसाईटला त्याच्याशी काही देणंघेणंच नाही. तो आकडा छापणाऱ्या मशीनसाठी. स्क्रीन फक्त पिक्सेल मोजते. २४ वर्षांचा मंत्र गेला पाण्यात.)

आता पीएनजी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ते कुठलाच ठिपका टाकून देत नाही हे खरं. पण मग फाईल लहान कशी करतं ते समजून घेतलं की सगळा उलगडा होतो. किराणा दुकानदार यादी लिहिताना तोच शब्द खाली परत आला तर नुसती दोन टिंबं देतो बघा, पीएनजीचं काम साधारण तसंच. शेजारी शेजारी सारखा रंग असला, तोच नमुना परत आला, की "वरीलप्रमाणे" म्हणून मोकळं. त्यामुळे पांढऱ्यावर काळी रेघ, सपाट रंगाचा तक्ता, कॉम्प्युटरच्या स्क्रीनशॉटमधल्या खिडक्या, हे पीएनजीत एकदम आटोपशीर बसतं. पण फोटो घ्या. मंडपातली सतरंजी, कुणाच्या साडीचा काठ, मागची धूळ, उन्हात चमकणारं टक्कल. शेजारचे दोन ठिपके तंतोतंत सारखे असे सापडतच नाहीत, मग वरीलप्रमाणे लिहायचं कुठे? सगळी यादी पूर्ण लिहावी लागते आणि फाईल फुगते.

फोटोसाठी जेपीजी हे फाईलचं दुसरं रूप निघालं ते याचसाठी. ते १९९२ सालचं, म्हणजे मी डीटीपीच्या क्लासला जायच्याही आधीचं. ते चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात मोठे चढउतार ठेवून बारीक किरकोळ चढउतार सोडून देतं. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक लगेच कळतो पण रंगातला बारीक फरक फारसा कळत नाही, तर रंगाची माहिती बहुतेक वेळा आधीच कमी करून टाकतं. म्हणजे हे फसवतंच, पण जिथे आपल्याला कळत नाही तिथे फसवतं. आणि गंमत म्हणजे ज्या गणितावर हे चालतं, डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म, ते सुचलं नासिर अहमद यांना, बेंगळुरूमध्ये जन्मलेला माणूस, पुढे अमेरिकेत प्राध्यापक. त्यांनी १९७२ साली तिकडच्या सरकारी विज्ञान संस्थेकडे यावर काम करायला पैसे मागितले तर प्रस्ताव नामंजूर झाला, फारच साधी कल्पना आहे म्हणून. मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये तो निबंध छापून आला. आज आपण दिवसातून शंभर गुड मॉर्निंग एकमेकांना पाठवतो त्या प्रत्येकात त्यांचं गणित आहे आणि आपल्याकडे शंभरात एकालाही त्यांचं नाव माहीत नसेल.

तर मी काय केलं, ते २० फोटो आधी १२०० पिक्सेल रुंदीचे केले, कारण मोबाईलवर त्याच्यापेक्षा जास्त लागतच नाही, आणि जेपीजीत क्वालिटी ७५-८० ठेवून सेव्ह केले. एकेक फोटो दोनशे केबीच्या आसपास आला. सगळे मिळून ४ एमबी, चारशेचे चार! कमिटीतल्या कुणालाच फरक कळला नाही. अध्यक्ष तर म्हणाले आता फोटो जास्त स्वच्छ दिसतात, म्हणजे आधी त्यांना ते कधी पूर्ण दिसलेच नव्हते. एक पथ्य मात्र पाळायचं, मूळ फोटो बाजूला जपून ठेवायचा आणि जेपीजी उघडून परत जेपीजीत सेव्ह, परत उघडून परत सेव्ह असं करायचं नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं, तिसऱ्या-चौथ्याला चेहऱ्यावर चौकडे दिसायला लागतात.

इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढे आहे, अक्षरांचा.

आमच्याकडे वर्गणीची नोटीस लावायची होती. मी तीही जेपीजी केली, म्हणलं फोटो इतके छान झाले तर हेही होईल. आता जेपीजीला एकदम काळं आणि लगेच एकदम पांढरं असा कडक काठ झेपत नाही, बारीक चढउतार टाकून द्यायची सवय ना. आणि आपली देवनागरी म्हणजे काय, सगळी कडक काठांची, वर शिरोरेषा, खाली उकार, डोक्यावर अनुस्वार. मोठी करून बघा अशी नोटीस, शिरोरेषेच्या वर-खाली करड्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. त्यात आमची नोटीस शिपायाच्या फोनवरून सेक्रेटरींच्या फोनवर, तिथून ग्रुपवर, तिथून परत माझ्याकडे अशी फिरून आलेली, व्हॉट्सअ‍ॅप वाटेत आणखी दाबतंच. शेवटी अनुस्वार शिरोरेषेत मिसळून गेला आणि "दंड भरावा" चं "दड भरावा" झालं. लोक हसले ते हसले, पण विलंब आकार ३ रुपये की ८ रुपये हेही धड वाचता येईना, तेव्हा काउंटरवर भांडणं व्हायला लागली. (फाईल फोनवरून पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, जशीच्या तशी जाते.)

तुमचा चौकटवाला इथे म्हणेल, बघा, म्हणूनच पीएनजी. हो, जेपीजीपेक्षा पीएनजी इथे बरंच. पण मी म्हणतो नोटिशीचं चित्र करायचंच कशाला? आणि याचं उत्तर आम्हा डीटीपीवाल्यांकडेच आहे, म्हणून आता थोडा कबुलीजबाब देतो. आम्ही सगळं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करायचो. त्यात आतमध्ये इंग्रजी कळांचेच नंबर असतात, वर नुसता मराठी अक्षराचा मुखवटा. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला तोच मजकूर इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांची खिचडी दिसतो. मग वेबसाईटवाला म्हणायचा, साहेब तुमचं मॅटर उघडत नाही, आणि आम्ही म्हणायचो थांब जेपीजी करून देतो. झालं! आमची सोय झाली आणि मराठी मजकूर चित्रात कोंडला गेला. आता युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर, येऊन इतकी वर्षं झाली, फोनवर लहान पोरंसुद्धा मराठी टाईप करतात, जुनं मॅटर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, तरी ती सवय काही सुटत नाही. कुठल्याही संस्थेची, पतपेढीची, शाळेची साईट उघडा, सूचना म्हणून चित्रच लावलेलं असतं, तेही बऱ्याचदा वाकडं स्कॅन केलेलं, कोपऱ्यात स्टेपलरची पिन.

चित्रातली अक्षरं गूगलवर सापडत नाहीत. त्यातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही. मोबाईलवर मोठं करायला गेलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि डावीकडे उजवीकडे ओढत वाचावं लागतं. आणि आमच्याकडे एक निवृत्त सर आहेत, दृष्टी पूर्ण गेलेली, पण वाचनालयाचे सगळ्यात जुने सभासद, फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) लावून बातम्या, पुस्तकं सगळं ऐकतात. त्यांनी आमची साईट उघडली तर फोन त्यांना सांगतो, "इमेज." बस. पुढे काही नाही. खाली गेले, परत "इमेज." ते मला हसत म्हणाले, अरे तुमच्या वाचनालयात वाचायला काहीच नाही की. त्या दिवशी संध्याकाळी बसून मी सगळ्या नोटिसा साध्या टाईप करून टाकल्या. एका नोटिशीला दीड-दोन केबी लागतात, मुंग्या नाहीत, अनुस्वार जागेवर. फोटोंनाही ऑल्ट टेक्स्ट लिहिला, म्हणजे फोटोत काय आहे याची एक ओळ, ती टॉकबॅक वाचून दाखवतो. नुसतं "फोटो १" लिहू नका मात्र, त्याचा कुणाला काय उपयोग.

लोगोची कथा वेगळीच. आमचं बोधचिन्ह म्हणजे उघडं पुस्तक आणि वर समई, मीच पूर्वी कोरलमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) काढलेलं. वेबसाईटचा वरचा पट्टा पिवळा आणि त्यावर जेपीजी लोगो ठेवला तर मागे पांढरा चौकोन, पिवळ्या साडीला पांढरं ठिगळ. जेपीजीत पारदर्शक असा प्रकारच नाही, पीएनजीत आहे. पण लोगोला खरं औषध एसव्हीजी. यात ठिपके नसतातच, नुसत्या सूचना असतात, इथून इथे रेघ, इथे गोलाई, आत हा रंग. ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक असतं ना, त्यात रांगोळी नसते, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा ते असतं, मग तुम्ही वहीत काढा नाहीतर देवळासमोर काढा, रेघ तेवढीच स्वच्छ येणार. आमची समई आज ३ केबीची आहे आणि मोबाईलवरही फाटत नाही, प्रोजेक्टरवर भिंतभर लावली तरी फाटत नाही.

कोरलवाल्या माझ्या भाऊबंदांनो, दोन गोष्टी सांभाळा. एसव्हीजी एक्स्पोर्ट करायच्या आधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्ट सोडवून त्यांच्या रेघा करा, मी विसरलो तर समईखाली वाचनालयाच्या नावाच्या जागी तीच इंग्रजी खिचडी आली आणि ती दोन दिवस जगाला दिसत होती. दुसरं म्हणजे गिऱ्हाईकानं आणलेला जेपीजी लोगो कोरलमध्ये इम्पोर्ट करून तसाच एसव्हीजी म्हणून सेव्ह केला तर तो एसव्हीजी होत नाही, आत जेपीजीच बसून राहतो, फाटायचा तो फाटतोच. ट्रेस करावा लागतो, म्हणजे त्यावरून रेघा काढून घ्याव्या लागतात, नाहीतर सरळ नव्यानं काढावा. नाव बदलून जात बदलत नाही हे सगळ्याच फाईलींना लागू आहे, आमच्या शेजारच्या नेट कॅफेत बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला पोरं येतात, फोटो जेपीजीच पाहिजे असतो आणि यांच्याकडे पीएनजी, तर फाईलच्या नावाचा शेवट पुसून जेपीजी लिहितात आणि मग फॉर्म का घेत नाही म्हणून डोकं धरून बसतात. फाईल कसली आहे ते तिच्या आतल्या पहिल्या काही अक्षरांवरून ठरतं. (जेपीजी आणि जेपीईजी मात्र एकच बरं का, जुन्या विंडोजला शेपटी तीनच अक्षरांची चालायची म्हणून मधला ई गळाला.)

आता नवीन पोरं विचारतात काका वेबपी का नाही वापरत. वापरतो की. गूगलनं ते २०१० साली काढलं, फोटोही ठेवतं, पारदर्शकही होतं, आणि त्याच दिसण्याला जेपीजीपेक्षा बहुतेक वेळा बरीच कमी जागा घेतं. पण अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरनं ते घ्यायला २०२० उजाडलं, फोटोशॉपनं तर स्वतःहून उघडायला २०२२. म्हणून बरेच दिवस आमच्यासारख्यांना भीती वाटायची, आणि लोकांचाही राग आहेच, साईटवरून फोटो उतरवला तर वेबपी निघतो आणि माझ्या जुन्या कोरलमध्ये तो येतच नाही. तर माझा हिशोब असा, बघण्यापुरता फोटो असेल तर वेबपी बिनधास्त, पण लोकांनी उतरवून घेऊन छापावा, पत्रिकेत लावावा असा फोटो असेल तर खाली मोठ्या जेपीजीची लिंक द्यावी. त्याच्याही पुढचं एव्हीआयएफ आहे, २०१९ चं, आणखी बारीक दाबतं, क्रोमनं २०२० ला घेतलं, फायरफॉक्सनं २०२१ ला, सफारीनं २०२२ ला, फक्त फाईल तयार करायला वेळ खातं, माझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो. जुन्या फोनवाल्यांची काळजी वाटत असेल तर पानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये तिन्ही द्यायची, एव्हीआयएफ, मग वेबपी, मग जेपीजी, ब्राउझरला जे पहिलं समजेल ते तो उचलतो आणि बाकीच्यांना हातही लावत नाही. भाच्यानं हे करून दिलं, मला टॅग बिग काही येत नाही.

आयफोनवाल्यांची एक वेगळी भानगड, त्यांचा फोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्या फाईलीत काढतो. आमच्या एका सभासदाच्या मुलानं पुण्याहून कार्यक्रमाचे फोटो मेल केले, मी ते तसेच साईटवर चढवले आणि क्रोममध्ये फोटोच्या जागी नुसती फाटक्या कागदाची खूण. ते आधी जेपीजी करूनच घ्या. आणि फोनमधल्या मूळ फोटोत कुठे काढला ते ठिकाणसुद्धा लिहिलेलं असू शकतं, शाळेच्या पोरांचे फोटो टाकताना ती माहिती काढून टाका.

जिफबद्दल काय बोलू, १९८७ सालचं बिचारं, २५६ रंगांच्या वर जात नाही. फोटो त्यात टाकला तर चेहऱ्यावर मेंदी काढल्यासारखे डाग येतात. त्याचं आता एकच काम उरलंय, सूचनेच्या बाजूला लाल-पिवळं लुकलुकणारं "नवीन". आमच्याही साईटवर होतं. तीन वर्षांपूर्वीच्या निविदेपुढे अजून लुकलुकत होतं, काढलं एकदाचं.

साहेब, शेवटी एक विनंती. तुमच्या वेबसाईटवर वाचकांची पत्रं असतात त्या जागी छापील पानाचं चित्र लावलेलं असतं, मी मोठं करून बघितलं, जेपीजी आहे, शिरोरेषेला मुंग्या आहेत. हे पत्र छापलंत तर तिथे निदान एवढं एक पत्र अक्षरांत टाका. सरांना सांगून ठेवलंय की रविवारी तुमच्याबद्दल पेपरात येणार आहे, त्यांचा फोन परत "इमेज" म्हणाला तर मला काउंटरवर तोंड दाखवता येणार नाही.

आपला,
वाचनालयाच्या कमिटीवरचा एक जुना डीटीपीवाला, कराड